हाडांवरचे घाव कसे वाचावेत : प्रागैतिहासिक हिंसेचा पुरावा तपासण्याची रीत

मोहेंजोदडोच्या उत्खननात १९२० च्या दशकात काही घरांतून आणि गल्ल्यांतून माणसांचे सांगाडे निघाले. ते रीतसर पुरलेले दिसत नव्हते. काही एकमेकांच्या अंगावर होते, काहींचे हातपाय वेडेवाकडे पडलेले होते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ सर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये या सांगाड्यांवरून शहराच्या अखेरच्या काळात झालेल्या कत्तलीचे चित्र उभे केले आणि तिचा आरोप थेट इंद्रावर, म्हणजे वेदांतील आर्यांवर ठेवला. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या तेव्हा ध्यानात आले, की सांगाडे आणि सांगाड्यांचे तुकडे मिळून संख्या सुमारे ३७ एवढीच होती, ते एका थरातले किंवा एका काळातले नव्हते आणि त्यांतले काही ओस पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यात घाईने पुरलेले असावेत. पुढे केनेथ केनेडी यांनी प्रत्यक्ष हाडे तपासली, तर बहुतेकांवर मृत्यूच्या वेळी झालेल्या घावाची खूणच नव्हती.

कत्तलीची ती कथा मात्र अजूनही सांगितली जाते. चूक झाली होती ती प्रश्नांच्या क्रमात. ‘कोणी मारले’ हा शेवटचा प्रश्न आधी विचारला गेला आणि ‘मुळात घाव आहे का’ हा पहिला प्रश्न मागे राहिला. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटी साक्ष घालणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि ज्यांना मारेकरी ठरवले त्यांच्यावरही आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याने हाड तपासताना आणि सामान्य वाचकाने ‘दहा हजार वर्षांपूर्वीची कत्तल उघड’ अशी बातमी वाचताना कोणत्या क्रमाने विचार करावा, हे येथे मांडत आहे.

हाड उचलण्यापूर्वी

अर्धा पुरावा हाडावर असतो आणि अर्धा ते हाड ज्या मातीत, ज्या स्थितीत पडले आहे तिच्यात असतो. कवटीत रुतलेले गारगोटीचे पाते आणि कवटीशेजारच्या मातीत पडलेले पाते यांचा अर्थ अगदी वेगळा होतो. पण हाड एकदा घाईने उचलले, की दोन्ही एकाच पिशवीत जातात आणि तो फरक कायमचा हरवतो. म्हणून सांगाडा जागेवर असतानाच छायाचित्रे घ्यावीत, उंची आणि दिशा नोंदवावी, प्रत्येक दगडी तुकड्याचे हाडापासूनचे अंतर मोजावे आणि देहाची ठेवण लिहून काढावी: पालथा की उताणा, हात जवळ आलेले की पसरलेले, खड्डा खणलेला दिसतो की देह उघड्यावरच राहिलेला दिसतो. शेत नांगरताना किंवा विहीर खणताना कोणाला मानवी हाडे दिसली, तर ती हलवू नयेत. पोलिसांना आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावे. हाडे जुनी आहेत की अलीकडची, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवण्याचा मोह टाळावा.

दुसरी नोंद संख्येची आहे. किती माणसांची हाडे आहेत हे मोजताना कवट्या आणि पाय यांची बेरीज करून चालत नाही. एकाच बाजूचे एकच हाड, उदाहरणार्थ डाव्या मांडीचे, किती वेळा आले ते पाहून किमान किती माणसे असली पाहिजेत ते ठरवतात. तसेच ‘इतक्या जणांना जखमा होत्या’ असे लिहिताना किती जणांचे ते हाड तपासण्याजोग्या अवस्थेत होते, हे शेजारीच लिहावे लागते. दहा सांगाड्यांत चारच कवट्या उरल्या असतील आणि दोन कवट्यांवर घाव असतील, तर दहांत दोन आणि चारांत दोन ही दोन निरनिराळी विधाने आहेत.

मोड केव्हाची आहे?

सगळी इमारत या एका प्रश्नावर उभी आहे, म्हणून येथे घाई करू नये. हाडावरची प्रत्येक मोड तीनपैकी एका काळातली असते: हयातीतली, मृत्यूच्या सुमाराची किंवा मृत्यूनंतरची. पहिली आणि तिसरी ओळखणे तुलनेने सोपे आहे. मधली अवघड आहे आणि हिंसक मृत्यूचा निष्कर्ष नेमका तिच्यावरच टेकलेला असतो.

हयातीत मोडलेले हाड भरून येऊ लागते. साधारण एक ते दोन आठवड्यांत मोडीच्या धारा बोथट होऊ लागतात, कडेला बारीक छिद्रे दिसतात, मग नवे खडबडीत हाड जमते आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत ते गुळगुळीत होते. भरून आलेली जखम म्हणजे तो माणूस वाचला याचा पक्का दाखला. भरून येण्याची खूणच नसेल, तर दोन शक्यता उरतात: घाव होऊन थोड्या दिवसांतच मृत्यू आला किंवा हाड मेल्यानंतर मोडले.

या दोन शक्यतांतला फरक हाडाच्या ओलाव्याने ठरतो. जिवंत हाडाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग सेंद्रिय असतो, त्यात मुख्यतः कोलॅजन हे चिवट प्रथिन असते आणि त्यामुळेच ताजे हाड तुटण्याआधी थोडे वाकते. पुरल्यावर ते प्रथिन हळूहळू झिजते आणि हाड खडूसारखे ठिसूळ होत जाते. कडुनिंबाची ओली फांदी आणि वाळकी काटकी मोडून पाहणाऱ्याला हा फरक हातालाच कळतो. ओली फांदी तिरकी चिरते, तिची साल लोंबत राहते. वाळकी काटकी आडवी, तडकन तुटते.

त्याहून चांगला धडा मटणाच्या नळीचा आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा स्वतः गिरवावा. खाटकाकडून बकऱ्याच्या मांडीच्या दोन अख्ख्या नळ्या आणाव्यात. एक त्याच दिवशी जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून दगडाने फोडावी. दुसरी स्वच्छ करून गच्चीवर कावळ्या-कुत्र्यांपासून जपून सहा-आठ महिने उन्हात ठेवावी आणि मग तशीच फोडावी. ताज्या नळीची चीर हाडाभोवती नागमोडी फिरते, तुटलेली कड गुळगुळीत आणि तिरकी असते, बोट फिरवले तर धार लागते आणि काही कपच्या हाडाला चिकटून राहतात. उन्हाने वाळलेल्या नळीची कड खरखरीत, काटकोनी आणि पायऱ्या-पायऱ्यांची असते आणि आतला रंग बाहेरच्या रंगापेक्षा पांढरा दिसतो. हा रंगाचा फरक विशेष लक्षात ठेवावा. शेकडो वर्षे मातीत राहिलेल्या हाडाचा पृष्ठभाग मातीचा रंग घेतो. मोडीची कड पृष्ठभागाहून फिकी असेल, तर ती मोड बहुधा खुरप्याची, कुदळीची किंवा पेटीतल्या हादऱ्याची असते.

मात्र एक अडचण उरतेच. हाड मेल्या क्षणी कोरडे होत नाही. थंड किंवा ओलसर जागी ते महिनोन्‌महिने ओल्या हाडासारखेच तुटते. त्यामुळे ‘मृत्यूच्या सुमाराची मोड’ या शब्दांत मृत्यूपूर्वीचे थोडे दिवस आणि मृत्यूनंतरचे कित्येक महिने हे दोन्ही सामावलेले असू शकतात. हाडे पाहणाऱ्याचा ‘सुमार’ डॉक्टरच्या ‘सुमारा’पेक्षा फार ऐसपैस असतो आणि हे न सांगणारी बातमी अपुरी समजावी.

माणसाखेरीज आणखी कोण?

मोड ओल्या हाडाची आहे असे ठरले, तरी हिंसेकडे अजून वळायचे नाही. दक्षिण आफ्रिकेतील रेमंड डार्ट यांनी माकापान्सगाट येथील फुटक्या हाडांच्या ढिगांवरून आपले आदिपूर्वज हाडांचीच हत्यारे करून एकमेकांचा जीव घेत होते, असे मांडले होते. सी. के. ब्रेन यांनी स्वार्टक्रान्स गुहेतल्या जीवाश्मांचा वर्षानुवर्षे शांतपणे अभ्यास केला. तेथील एका पोराच्या कवटीत मागच्या बाजूला दोन गोल भोके होती. ब्रेन यांनी तेथेच सापडलेल्या बिबट्याच्या जबड्याचे खालचे सुळे त्या भोकांना लावून पाहिले आणि ते बसले. बिबट्याने ते पोर तोंडात धरून नेले होते. डार्ट यांनी १९२४ मध्ये ज्याचा शोध लावला त्या टाउंगच्या बालकाच्या, म्हणजे आदिपूर्वजांच्या एका पोराच्या जीवाश्म कवटीच्या, डोळ्यांच्या खोबणीतल्या खुणाही मोठ्या गरुडाच्या असल्याचे ली बर्जर यांनी २००६ मध्ये दाखवले. भोक दिसले की भाला आठवावा आणि त्याच वेळी सुळाही आठवावा, हा धडा या दोन पोरांनी दिला आहे.

मांसाहारी प्राण्याच्या सुळ्याचे भोक बहुधा समोरासमोर जोडीने येते आणि आसपास घासल्याच्या खुणा असतात. उंदीर-घुशींच्या दातांनी हाडाच्या कडेवर जवळजवळ समांतर, सपाट तळाच्या खाचा पडतात. झाडाची मुळे हाडावर नागमोडी जाळे कोरतात. गुराढोरांच्या खुरांखाली वाळूत घासलेल्या हाडावर दिशाहीन, उथळ ओरखडे उठतात. दगडी पात्याने मांस कापल्याची खूण मात्र अरुंद, खोल आणि तळाशी टोकदार असते, तिच्या तळात सूक्ष्मदर्शकाखाली समांतर रेषा दिसतात आणि ती बहुधा स्नायू जेथे जोडलेला असतो त्याच ठिकाणी येते. वरच्या मातीच्या भाराने कवटी चेपते आणि सांध्यांवर उसवते, तेही पाहावे. याशिवाय शरीराची स्वतःची नैसर्गिक भोके असतात. काही लोकांच्या छातीच्या मधल्या हाडात जन्मतःच गोल भोक असते. ज्याने ते पूर्वी पाहिलेले नाही त्याला बाणाची जखम वाटते, पण त्याच्या कडा गोलसर आणि गुळगुळीत असतात.

माणसाच्या हाताने झालेली प्रत्येक खूणही हिंसेची नसते आणि याचे उत्तम उदाहरण आपल्याच घोड नदीच्या काठी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन लोक लहान मुलांना तोंडाशी तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडून टाकत. केवळ हाडे पेटीतून टेबलावर आली असती, तर ‘कैद्यांचे पाय छाटले’ असा अहवाल कोणीही लिहिला असता. पण तोडण्याची ती रीत प्रौढांच्या दफनांत पुन्हा पुन्हा दिसते, देह नेटके आडवे ठेवलेले असतात, सोबत भांडी असतात आणि दफन घराच्या आवारातच असते. मृताने उठून जाऊ नये, घरच्यांजवळच राहावे, अशी काही समजूत त्यामागे असावी, असा अर्थ उत्खनकांनी लावला. ज्या आप्तांनी ते पाय तोडले त्यांनीच बहुधा ती भांडीही शेजारी ठेवली. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन कवटीवरची अनेक छिद्रे हीदेखील कोरून केलेल्या शस्त्रक्रियेची आहेत, प्रहाराची नाहीत.

घावाचे रूप

आता कुठे हत्याराकडे वळता येते. कवटीचे हाड टम्म फुगलेल्या भाकरीसारखे दोन पापुद्र्यांचे असते. बाहेरचा पापुद्रा, आतला पापुद्रा आणि मध्ये जाळीदार थर. बाहेरून जोराचा मार बसला, की बाहेरचा पापुद्रा आत दबतो आणि आतला त्याहून मोठ्या भागात फुटतो. म्हणून घावाचे भोक बाहेरून लहान आणि आतून रुंद असते, कडा आतल्या अंगाला उतरत्या असतात आणि भोवती किरणांसारख्या चिरा पसरतात. कवटीची आतली बाजू पाहिल्याशिवाय मत देऊ नये. माती भरलेली असेल तर सी. टी. स्कॅन करावे. दोन चिरा एकमेकींना भेटतात तेथे आणखी एक गोष्ट कळते. दुसऱ्या घावाची चीर पहिल्या चिरेपाशी येऊन थांबते, कारण तेथे हाड आधीच तुटलेले असते. त्यावरून कोणता फटका आधीचा ते सांगता येते.

एक घाव जवळून पाहू. उत्तर स्पेनमधील आतापुएर्का येथे ‘सिमा दे लोस उएसोस’, म्हणजे हाडांची खाई, नावाची जागा आहे. सुमारे १३ मीटर खोल उभ्या विवराच्या तळाशी किमान २८ माणसांची हाडे मिळाली असून ती सुमारे ४,३०,००० वर्षांपूर्वीची आहेत. त्यांपैकी १७ क्रमांकाची कवटी ५२ तुकडे जुळवून उभी केलेली आहे. तिच्या कपाळावर डाव्या डोळ्याच्या वरच्या बाजूस शेजारी-शेजारी दोन भोके आहेत. दोन्ही ओल्या हाडाची आहेत, भरून आल्याची खूण एकातही नाही. विवरात पडल्याने ती झाली असतील का? नोएमी साला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या शंकेचे उत्तर भोकांच्या आकारातच शोधले. दोन्ही भोकांची बाह्यरेषा जवळजवळ सारखी असून एका ठिकाणी सारखाच खाचदार वळसा आहे, मात्र एक भोक दुसऱ्याच्या तुलनेत फिरलेले आहे. पडताना दगडाचे तेच टोक कपाळाच्या त्याच भागात दोनदा, निरनिराळ्या कोनांतून लागणे जवळजवळ अशक्य आहे. तीच वस्तू कोणीतरी दोनदा मारली होती. शिवाय घाव कपाळाच्या डाव्या बाजूला आहेत. समोर उभ्या राहिलेल्या उजव्या हाताच्या माणसाचा फटका तेथेच बसतो. ही कवटी हिंसेने झालेल्या मृत्यूच्या अतिशय जुन्या दाखल्यांपैकी एक आहे आणि तो दाखला सिद्ध झाला तो दोन भोकांची एकमेकांशी तुलना झाली म्हणून.

बाण आणि भाल्याच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे हाडात रुतलेले टोक. अमेरिकेतील कोलंबिया नदीकाठी १९९६ मध्ये सापडलेल्या केनेविक येथील पुरुषाच्या कटीच्या हाडात दगडी भाल्याचे टोक होते. हाड त्याच्याभोवती वाढून बंद झालेले होते, म्हणजे हा माणूस ते टोक घेऊनच पुढे कितीतरी जगला. इराकच्या शानिदार गुहेतील तिसऱ्या निअँडरथलच्या (आपल्याला जवळची, आता नामशेष झालेली मानवजात) डाव्या बाजूच्या नवव्या बरगडीवर खोल चीर आहे आणि ती भरून येऊ लागलेली आहे. टोक सापडले नसेल, तर भोकाच्या कडेत अडकलेले दगडाचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली शोधावेत.

हत्याराचा अंदाज प्रयोगाशिवाय ग्राह्य धरू नये. रुमानियातील चोक्लोविना येथील सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीच्या कवटीसाठी संशोधकांनी कृत्रिम हाडाचे गोल बनवून ते उंचावरून टाकले, दगडांनी मारले आणि दंडुक्याने फोडले. मूळ कवटीवरच्या चिरांशी जुळल्या त्या दंडुक्याच्या चिरा. थेम्स नदीत सापडलेल्या नवाश्मयुगीन लाकडी सोट्याची हुबेहूब प्रतिकृती करून २०१७ मध्ये कृत्रिम कवट्यांवर असाच प्रयोग झाला आणि लाकडी सोट्याने प्राणघातक मार बसू शकतो, हे त्यातून दिसले. लाकूड कुजते आणि दगड टिकतो, म्हणून आपण सारे काही दगडी हत्यारांच्या पदरात टाकतो. हा प्रयोग ती सवय सोडवतो.

अपघात की प्रहार

जिवंतपणीच्या जखमांत हा प्रश्न सतत येतो. माणूस पडताना हात टेकतो, तेव्हा मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचे हाड, म्हणजे रेडियस मोडते. डोक्यावर येणारा सोटा अडवायला हात वर केला, तर करंगळीच्या बाजूचे हाड, म्हणजे अल्ना पुढे येते आणि तीच मोडते. पण अल्ना मोडली म्हणून लगेच ‘बचावाची जखम’ लिहू नये. मोड हाडाच्या मध्याखाली असावी, आडवी असावी, हाड फारसे सरकलेले नसावे आणि शेजारची रेडियस शाबूत असावी; या चारही गोष्टी जुळल्या तरच ती शक्यता धरावी.

डोक्यासाठी न्यायवैद्यकात एक ढोबळ खूणगाठ वापरतात: टोपीची कड कपाळावर जेथे बसते त्या रेषेच्या वरचे घाव प्रहाराचे असण्याची शक्यता अधिक, आणि रेषेवरचे वा खालचे पडण्याचे असण्याची शक्यता अधिक. कड्यावरून घसरणाऱ्या शिकाऱ्याला हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. तो कल दाखवतो, निकाल देत नाही.

एका सांगाड्याकडून अनेकांकडे

सामूहिक दफनात प्रत्येक घावाइतकाच घावांचा एकत्र आकृतिबंध महत्त्वाचा असतो. जर्मनीतील टालहाइम येथे १९८३ मध्ये एका खड्ड्यात ३४ जणांची हाडे सापडली. त्यांत १६ मुले होती. काळ सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचा, पहिल्या शेतकऱ्यांचा. कवट्यांवरच्या भोकांचा आकार त्याच लोकांच्या दगडी वाकसाशी जुळला, म्हणजे मारणारेही बहुधा तशाच गावांतले शेतकरी होते. घाव प्रामुख्याने डोक्याच्या मागच्या बाजूला आहेत आणि हातांवर बचावाच्या खुणा जवळजवळ नाहीत. पळताना किंवा गुडघ्यांवर बसवलेले असताना ही माणसे मारली गेली असावीत. शोनेक-किलियनश्टेटेन येथील त्याच काळातील खड्ड्यात किमान २६ जण होते, त्यांच्या नडग्या मृत्यूच्या सुमारास मोठ्या संख्येने मोडलेल्या होत्या आणि तरुण स्त्रिया त्यांत जवळपास नव्हत्या. खड्ड्यात कोण नाही, हेही म्हणून नोंदवावे लागते. त्या स्त्रियांना पळवून नेले असावे, हा तर्क त्या रिकाम्या जागेतूनच निघाला.

एकच लढाई की वर्षानुवर्षांची झळ, हे ठरवण्यासाठी जुन्या आणि ताज्या जखमा एकाच देहावर शोधाव्यात. सुदानमधील जेबेल सहाबा हे त्याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण आहे. आस्वान धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या प्रदेशात १९६० च्या दशकात फ्रेड वेंडॉर्फ यांनी ही दफनभूमी खोदली आणि हाडांत रुतलेल्या दगडी तुकड्यांमुळे ती प्राचीनतम युद्धाची जागा म्हणून प्रसिद्ध झाली. काळ किमान १३,४०० वर्षांपूर्वीचा. ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेली ती हाडे इझाबेल क्रेवकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वी न नोंदलेल्या १०६ खुणा हाती लागल्या. तपासलेल्या ६१ जणांपैकी ४१ जणांवर किमान एक जखम होती आणि त्यांतल्या १६ जणांवर भरून आलेली आणि न भरलेली अशा दोन्ही जखमा होत्या. एखाद्याला आधी बाण लागला, तो वाचला आणि काही काळाने पुन्हा घाव बसला, असे सोळा जणांच्या बाबतीत घडले असेल, तर ती एका दिवसाची लढाई राहत नाही. नाईलच्या काठी हवामान बदलत असताना लहान-लहान टोळ्या एकमेकींवर वारंवार छापे घालत होत्या, असे चित्र त्यातून उभे राहिले. पन्नास वर्षे गाजलेले ‘युद्ध’ नव्या भिंगाखाली बदलले, आणि तेही पेट्या जपून ठेवल्या होत्या म्हणूनच शक्य झाले.

केनियातील तुर्काना सरोवराजवळच्या नातारुकची गोष्ट याच्या उलट बाजूने वाचावी. मार्ता मिराझोन लाहर यांच्या गटाने २०१६ मध्ये जाहीर केले, की सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तेथे किमान २७ शिकारी-संकलक मारले गेले. जागेवर जुळलेल्या स्थितीत मिळालेल्या १२ सांगाड्यांपैकी १० जणांवर प्राणघातक जखमा आहेत, एका पुरुषाच्या कवटीत ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखीतून बनलेल्या काचेसारख्या दगडाचे, पाते रुतलेले आहे आणि एका गरोदर स्त्रीचे हात बांधलेले असावेत. त्याच वर्षी क्रिस्टोफर स्टोजानोव्स्की आणि इतरांनी हरकत घेतली, की कवट्यांची काही मोडतोड मातीच्या दाबाने झालेली दिसते आणि सगळे देह एकाच वेळचे असल्याचे सिद्ध होत नाही. मूळ गटाने त्याला उत्तर दिले. माझ्या मते रुतलेल्या पात्याचा पुरावा भक्कम आहे आणि चेपलेल्या कवट्यांचा दुबळा. पूर्ण दाव्याला एकच गुण देण्याऐवजी प्रत्येक सांगाड्याला वेगळा गुण द्यावा, हे या वादातून शिकण्यासारखे आहे.

निष्कर्ष लिहिताना

अहवालात प्रत्येक जखमेपुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘शक्य’ असा शेरा लिहावा आणि त्याचे कारण एका वाक्यात द्यावे. रुतलेले टोक निश्चित. ओल्या हाडाचे, आतून उतरत्या कडांचे भोक संभाव्य. इतर खुणा नसलेली एकटी मोड फार तर शक्य. हाडावर खूण नाही म्हणजे हिंसा नव्हती, असेही म्हणू नये. जॉर्ज मिलनर यांनी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतील बाणांच्या जखमांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण तीन बाणांपैकी एकच हाडाला लागलेला आढळला. आल्प्समधील बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, ओट्झी नाव दिलेल्या प्राचीन गोठलेल्या माणसाच्या डाव्या खांद्यातले बाणाग्र दहा वर्षे कोणाला दिसले नव्हते. २००१ मध्ये क्ष-किरण चित्रात ते दिसले आणि त्याने खांद्याखालची धमनी तोडली होती हे नंतर कळले. त्याचा केवळ सांगाडाच उरला असता आणि बाणाग्र मातीत सुटे पडले असते, तर तो थंडीने मेला असेच आपण लिहिले असते.

शेवटची नोंद दफनाची करावी, कारण मारणारे आणि पुरणारे वेगळे असू शकतात. पोलंडमधील कोशिझे येथे सुमारे ४,८०० वर्षांपूर्वीच्या एका खड्ड्यात १५ जण होते, सगळ्यांच्या डोक्यावर प्राणघातक मार होता. २०१९ मध्ये त्यांचा प्राचीन डी. एन. ए. वाचला गेला, तेव्हा हे एक विस्तारित कुटुंब असल्याचे कळले. आईला तिच्या मुलांशेजारी ठेवलेले होते, भावंडे एकमेकांजवळ होती. मोठे पुरुष, म्हणजे त्या मुलांचे वडील, बहुतेक नव्हते. ज्याने त्यांना पुरले त्याला कोण कोणाचे होते हे नेमके ठाऊक होते.